चाळीस हातांचा चर

"बूट काढ आणि हितं पाय ठिव," ठकूमावशी म्हणाली.

सकाळचे आठ वाजले होते. फेब्रुवारी असला तरी सड्यावर गारठा होता आणि मी दोन तास डोंगर चढून धापा टाकत होते. अशा वेळी बूट काढायला लावणारी बाई मला अजिबात आवडली नाही. पण ठकूमावशीला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. भेंडूळच्या धनगरवाड्यात चौदा घरं, आणि चौदाही घरांत तिचाच शब्द चालायचा. मी बूट काढला, मोजा काढला आणि तिनं काठीनं दाखवलं तिथं पाऊल टेकवलं.

टेकवलं आणि झटकन उचललं. भाकऱ्या झाल्यावर निवत ठेवलेला तवा जसा लागतो, तशी ती जमीन लागली.

"कळलं?" तिनं विचारलं.

"ऊन पडलंय ना मावशी, म्हणून..."

"ऊन आत्ता आलंय. जमीन कालच्यापासनं तापल्याली हाय. तुझी आग मेली न्हाई, गार्डीणबाई. खाली गेलीया."

तिनं हातातली काठी जमिनीत खुपसली. ती लोण्यात जावी तशी कोपरभर आत गेली. बाहेर काढली तर टोक काळं झालेलं, आणि त्या भोकातून निळसर धुराची एक बारीक दोरी वर यायला लागली.

वीस-बावीस वर्षं झाली त्याला. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, अंगावर नवी कोरी खाकी, आणि आमच्या वनक्षेत्रातली पहिली बाई गार्ड. नाव शालन गुरव, पण सड्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. तिथं मी गार्डीणबाई. पहिलीच बाई म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं, आणि सगळ्यांचं लक्ष म्हटल्यावर माझ्याही अंगात आलेलं. पुरुष गार्ड ऐंशी टक्के काम करून विडी ओढत बसतात ना, मग मी शंभर टक्के करून दाखवणार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसली गत. आता मी स्वतः वनपाल आहे, हाताखाली चार गार्ड आहेत, आणि त्यांतला कुणी फार उत्साहानं सलाम ठोकायला लागला की मी त्याची डायरी दोनदा तपासते.

तर भेंडूळचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट काळा कातळ. त्या कातळाच्या मधोमध एक लांबट खोलगट जागा आहे, दोन-तीन एकरांची. तिला वाड्यावरची माणसं ‘रुतण’ म्हणतात, कारण पावसाळ्यात तिच्यात म्हैस गेली की पोटापर्यंत रुतते. वर लव्हाळा, शेवाळ आणि उंच गवत. त्याखाली कुजलेल्या मुळांचा काळपट खच, त्याला ते ‘गादी’ म्हणत. ती किती जाड आहे हे कुणी बघितलं नव्हतं. पावसाळ्यात ही गादी पाणी पिऊन टम्म फुगायची आणि पुढं उन्हाळाभर थेंब थेंब सोडत राहायची. रुतणीच्या खालच्या टोकाला कातळाच्या भेगेतून झरा यायचा. चौदा घरं आणि साठ म्हशी, सगळ्यांचं पाणी तेवढंच. विहीर नाही, नळ नाही, आणि टँकर काही तिथवर चढत नाही.

दरवर्षी माघात वाड्यावरची माणसं रुतणीवरचं वाळलेलं गवत जाळत. आमच्या पुस्तकात हा गुन्हा. त्यांचं म्हणणं असं, की जाळलं नाही तर कडेचा रामेठा आणि करवंदीच्या जाळ्या आत सरकतात, आणि एवढ्या झुडपांची मुळं पाणी प्यायला लागली की झऱ्याला काय उरणार? गवत पाच मिनिटांत भर्रकन जळून जातं, आत आलेली झुडपं मरतात, आणि खालची गादी ओली असते म्हणून तिला झळ लागत नाही.

मात्र जाळायच्या आधी एक रिवाज होता. बमूमामा, म्हणजे ठकूमावशीचा थोरला दीर, सत्तरीचा, काटकुळा माणूस, अनवाणी रुतणीच्या मध्यावर जायचा, टाच जोरात रोवायचा, तंबाखूचा बार भरायचा आणि तिथंच उभा राहायचा. पहिली पिंक टाकायच्या आत टाचेच्या खड्ड्यात पाणी भरलं तर काडी लावायची. नाही भरलं, तर त्या वर्षी रुतणीवर कुणी विडीसुद्धा पेटवायची नाही.

त्या वर्षी पाऊस गणपतीनंतर जो गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या खात्यानं ठरवलं, की लोकांनी कसंही जाळण्यापेक्षा जाळरेषा आपणच घ्यायच्या. जाळरेषा म्हणजे गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे ठेवायचे, म्हणजे एप्रिलात वणवा आला तर तो तिथं येऊन थांबतो. कल्पना वाईट नव्हती. कागदावर तारीख होती, पंधरा फेब्रुवारीच्या आत शंभर टक्के. आणि नकाशावर ओढलेली रेघ रुतणीच्या वरच्या टोकावरून जात होती.

तेरा तारखेला बमूमामा टाच रोवून उभा राहिला. पिंक टाकली. दुसरा बार भरला, तोही संपला. खड्डा कोरडाच.

"औंदा जाळायचं न्हाई, पोरी," तो म्हणाला.

"मामा, आदेश आहे वरून."

"आदेशाला टाच हाय का?"

भोवतीची माणसं हसली. मला राग आला. खरं सांगायचं तर आदेशापेक्षा ते हसणंच मला जास्त लागलं. सगळ्यांच्या देखत मी काडी ओढली. गवत जळलं, मजुरांनी ओल्या फांद्यांनी कडा झोडपून विझवल्या, आणि चार वाजता मी डायरीत लिहिलं, ‘जाळरेषा पूर्ण. आग पूर्णपणे विझली.’ सहीखाली झोकात एक रेघपण मारली.

आणि आता सोळा तारखेला सकाळी मी एक पाय अनवाणी, एक पाय बुटात अशी उभी होते, आणि जमिनीतून धूर येत होता.

"पाणी ओतूया," मी म्हटलं. "सगळ्यांना हंडे घेऊन बोलवा."

"काल ओतलं की धा हंडे," ठकूमावशी म्हणाली. "चुर्र करती आनि बाजूनं वाट काढती. वाळवीवानी खातीया गादी. वरनं बगितलं तर काय बी न्हाई."

बमूमामा जरा पलीकडं उकिडवा बसला होता. त्यानं धुराच्या जागी खुणेचे दगड ठेवले होते, काल संध्याकाळचा एक आणि आज सकाळचा एक. दोन्हींत पाचेक हातांचं अंतर होतं.

"कुठल्या बाजूला जातेय मामा?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. झऱ्याच्या बाजूला.

मी मटकन खाली बसले. बसले आणि गरम लागलं म्हणून परत उठले. हा वाडा खाली रस्त्याकडं हलवावा असा एक कागद खात्यात दहा वर्षं फिरत होता. वाड्यानं दहा वर्षं त्याला दाद दिली नव्हती. म्हशी घेऊन खाली कुठं जाणार, चारणार कुठं, हा त्यांचा सवाल, आणि तो कुणाला सोडवता आला नव्हता. आता झरा बंद पडला तर सवालच मिटला. जे दहा वर्षांत सरकारला जमलं नाही ते मी एका काडीत करून ठेवलं होतं.

माझ्याकडं वायरलेस सेट होता. वनपाल चौगुले साहेबांना लावला.

"साहेब, रुतणीत आग आहे. ओव्हर."

"ज्वाळा दिसतायत? ओव्हर."

"नाही साहेब. जमिनीखाली आहे. धूर येतोय."

"ज्वाळा नाहीत?"

"नाहीत."

"मग आग नाही. तू तेराला लिहिलंयस, आग पूर्णपणे विझली. सही आहे तुझी. आता पुन्हा आग म्हणालीस तर पहिला रिपोर्ट खोटा ठरतो. कळतंय का? ओव्हर."

"साहेब, मधे चर खणला तर अडेल असं इथली माणसं म्हणतायत."

सेट नुसताच खरखरला. मग साहेब सावकाश बोलले. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला आठ महिने राहिले होते एवढंच. "शालन, राखीव जंगलात परवानगीशिवाय खोदकाम हा गुन्हा आहे. हे मी तुला शिकवायचं का? प्रस्ताव पाठव. मी पुढं पाठवतो."

"किती दिवस लागतील?"

"पंधरा-एक दिवस."

ठकूमावशी हे सगळं ऐकत शेजारी उभी होती. मी सेट बंद केल्यावर तिनं पदर खोचला. "तू खाली जा," ती म्हणाली. "आज तू वर आलीच न्हाईस. आमी खणतो. केस झाली तर आमच्यावर होईल. आमाला काय, सवय हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते झोंबलं. डिसेंबरात याच बमूमामानं म्हशीचा खुंटा रोवायला खड्डा खणला, तेव्हा मी त्याला कलम म्हणून दाखवलं होतं. नंबरासकट.

"मी कुठं जात नाही," मी म्हटलं. "आग मी लावली. कुदळ आणा, पहिली मी मारते."

पहिली कुदळ मी मारली खरी. ती मुळांच्या जाळ्यात अशी अडकली की मला काही निघेना. ठकूमावशीनं ती उपटून दिली आणि म्हणाली, "बरं झालं, मुहूर्त झाला. आता हो बाजूला आनि घमेली उचल."

बमूमामानं जागा आधीच हेरली होती. रुतण मधे एके ठिकाणी चिंचोळी होते, दोन्हीकडून कातळ पुढं येतो आणि मधे चाळीस हात गादी उरते. धुराच्या जागेपासून ही चिंचोळी जागा तीस हातांवर. कातळापासून कातळापर्यंत चर पाडायचा, आणि खाली शाडूसारखी पांढरी माती लागेपर्यंत खोल न्यायचा. गादीचा एक धागासुद्धा मधे राहता कामा नये, कारण त्या धाग्यावरून आग पलीकडं जाईल. दिवसाला दहा हात आग येत होती. म्हणजे हातात तीन दिवस.

वाड्यावरची झाडून सगळी माणसं आली. बाप्ये, बाया, म्हातारी-कोतारी. म्हशी त्या दिवशी कुणी लांब चारायलाच नेल्या नाहीत. कुदळ, टिकाव, खोरं, आणि मुळं तोडायला कोयते. गादी म्हणजे गोणपाटांची थप्पी, कुदळ मारली की परत उसळायची. आधी कोयत्यानं चौकोन कापायचा, मग खोऱ्यानं उचलायचा, मग घमेल्यात घालून पलीकडच्या कातळावर नेऊन टाकायचा. मी त्या दिवशी किती घमेली वाहिली ते देवाला ठाऊक. दुपारी माझा पाय एका ठिकाणी फसकन आत गेला, खाली जळून पोकळ झालं होतं. दोघींनी काखेत हात घालून मला ओढलं. बुटाचा तळ वितळून वाकडा झाला होता.

"सरकारी हाय न्हवं, नवा मिळंल," ठकूमावशी म्हणाली, आणि माझ्या घोट्यावर कोरफड चोळताना असा काही दाब दिला की डोळ्यांत पाणी आलं. रागच होता तो. चार दिवसांत तिनं मला एकही शिवी दिली नव्हती, त्या सगळ्या त्या चोळण्यात निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चर माझ्या खांद्याइतका खोल झाला आणि मधल्या भागात पांढरी माती लागली. मी आत उतरून घमेली वर देत होते. कोयत्यानं छाटलेली भिंत नितळ दिसत होती, आणि तिच्यावर तिरपं ऊन पडलं होतं. सहज बघितलं, तर भिंतीत रेघा.

"मामा, हे काय आहे हो?"

बमूमामा वरून वाकला, मग कमरेवर हात देत हळूच आत उतरला. भिंत तपकिरी होती, मुळांच्या भुश्शाची. तिच्यात वरच्या बाजूला काळ्या रेघा होत्या, काजळाचं बोट ओढावं तशा बारीक, एकीखाली एक. त्यानं पहिल्या रेघेवर नख फिरवलं आणि बोटाला लागलेलं काळं बघितलं.

"राख हाय," तो म्हणाला. "आमी जाळलेली."

दोन बोटं खाली एक रेघ जरा जाड होती, आत वेडीवाकडी उतरलेली. ती त्यानं लगेच ओळखली. "ही भात्तर सालची. त्या दुष्काळात खालनं वणवा वर आलता. ह्याच जागंला आग गादीत गेलती. वळीव पडला म्हणून वाचलो." बोलता बोलता तो थांबला. आपल्याच आयुष्यातलं एक वर्ष असं दोन बोटांवर सापडेल हे त्यालाही नवीनच असावं.

त्याखाली मात्र त्यालाही काही ओळखू येईना. रेघा विरळ होत गेल्या. मधे हातभर नुसताच तपकिरी पट्टा, एक काळी रेघ नाही. पाऊस बख्खळ, आग कधी लागलीच नाही, असली किती वर्षं एकावर एक बसली असतील कोण जाणे. आणि त्याही खाली, माझ्या गुडघ्याच्या सुमाराला, चार बोटं जाड काळाकुट्ट थर. हात लावला तर त्यात कोळशाचे तुकडे, लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसणारे. थराखाली एक बुंधा होता, वरून जळालेला, मुळं तशीच पसरलेली. आणि ती मुळं कशात पसरलेली? खाली परत तपकिरी गादी होती, त्या गादीत.

"रुतणीत झाड येतंय व्हय कुठं?" वरून कुणीतरी म्हणालं.

"सुकली असंल तवा," बमूमामा हळूच म्हणाला. "पाणी गेलं असंल. पाऊसच बारीक झाला असंल लई सालं. मग झाडं आली. आनि मग ह्ये." त्यानं काळ्या थरावर पंजा ठेवला. त्याच्या पंजाखाली तो थर मावत होता. "सगळं जळालं. आमचं कोन न्हवतं तवा हितं."

मी त्या थराकडं बघत राहिले. खाली रुतण. मग कोरडेपणा, जंगल. मग अशी आग, की आमची तेरा तारखेची आग तिच्यापुढं उदबत्ती. आणि त्यावर परत रुतण, छातीभर. म्हणजे ती एकदा पुरती सुकून, जळून, राख होऊन गेली होती, आणि परत आली होती. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मी चरातच बसून हमसून हमसून रडायला लागले. आदल्या रात्री मला झोप नव्हती. मी एक जिवंत गोष्ट मारली असं समजून चालले होते.

"रडाय काय झालं हिला?" ठकूमावशी वरून म्हणाली.

"मावशी, ती मरत नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "हे बघा ना. एवढी जळाली होती, तरी परत आली."

ठकूमावशी काठावर उकिडवी बसली. नीट बघितलं तिनं, घाई केली नाही. "किती सालांत आली?"

बमूमामानं बोटं टेकवत भिंत मोजली. काळ्या थरापासून वरपर्यंत साठ बोटं. बहात्तरपासून आजपर्यंत दोन. मी मनात हिशेब केला. शाळेतला हिशेब, कुणी शास्त्रज्ञ ऐकेल तर हसेल.

"नऊशे," मी म्हटलं. "नऊशे वर्षं."

"हां," ठकूमावशी म्हणाली. "तिला घाई न्हाई. माझ्या म्हशीस्नी मातूर सांच्याला पाणी लागतंय. घमेलं दे वर."

मी घमेलं दिलं. पण हातातलं बळ परत आलं होतं, हे खरं. जे पुरतं संपणार म्हणून आपण हातपाय गाळून बसतो, ते नुसतंच उशिरा येणारं आहे असं कळलं की माणूस वेगळ्या जोरानं खणतो. संध्याकाळी दोन्ही टोकांना कातळ लागला. चराच्या तळात, झऱ्याकडच्या बाजूनं, थोडा ओलावा पाझरायला लागला होता. बमूमामानं तळ हातानं चाचपून चाचपून शेवटचे धागे उपटले. चाळीस हात, एकेक वीत. अंधारून आलं तेव्हा तो वर आला.

आग अठरा तारखेला दुपारी चरापाशी आली. आम्ही सगळे पलीकडच्या काठावर रांगेनं बसलो होतो, लग्नात पंगत बसावी तसे. समोरच्या भिंतीतून आधी धूर आला, मग दोन ठिकाणी गादी तांबूस झाली, निखाऱ्यासारखी. तो तांबडा डाग हळूहळू पसरला. भिंतीचा एक मोठा लगदा सुटून चरात पडला, पांढऱ्या मातीवर. तिथं रात्रीत बोटभर पाणी साचलं होतं. चुर्र झालं. आणखी एक पडला. मग आणखी एक. तासाभरात समोरची भिंत काळी ठिक्कर पडली आणि धूर पातळ होत होत गेला. आमच्या बाजूच्या भिंतीवरून बमूमामा हात फिरवत एका कातळापासून दुसऱ्या कातळापर्यंत गेला आणि परत आला.

"गार हाय," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. एका बाईनं तेवढी जांभई दिली, मोठी, आवाज करून, आणि मग सगळेच जांभया द्यायला लागले.

रुतणीचा वरचा तुकडा गेला. खळ्याएवढा खड्डा पडला तिथं, तो आजही आहे. त्यात पावसाचं पाणी साचतं, कडेनं लव्हाळा आलाय. बोटभरसुद्धा गादी अजून धरलेली नाही आणि माझ्या हयातीत धरणारही नाही. खात्याकडून मला मेमो आला. खुलाशात मी लिहिलं, की आग मी लावली, ती विझल्याची नोंद चुकीची होती, आणि चर मी खणला. खणणाऱ्यांच्या रकान्यात एकच नाव घातलं, माझं. चौगुले साहेबांनी तो कागद वाचून चष्मा काढला. "एकटीनं? चाळीस हात?" त्यांनी विचारलं. "हो साहेब, दोन दिवसांत," मी म्हटलं. साहेबांनी चष्मा परत लावला आणि ‘खुलासा समाधानकारक’ असा शेरा मारून तो पुढं पाठवून दिला. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना सड्यावर नेऊन चर दाखवला, ती वेगळी गोष्ट.

पण मला सांगायचंय ते त्याच अठरा तारखेच्या संध्याकाळचं. आग विझल्यावर मी झऱ्यावर गेले. धार करंगळीएवढी होती, पण होती. तोंड धुतलं, हात धुतले. हातांना आठ फोड होते. खाली उतरायला निघाले तर ठकूमावशी वाटेत उभी.

"च्या घेऊन जा," ती म्हणाली.

तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं मला घरात बोलावलं होतं. मी वाकून आत शिरले आणि थबकले. घर रिकामं होतं. फळीवर एक भांडं नाही. उतरंड नाही. खुंटीवर घोंगडं नाही. भिंतीशी सात-आठ गाठोडी रांगेनं लावलेली, दोरीनं आवळून बांधलेली. ताक घुसळायची रवीसुद्धा एका गाठोड्यातून डोकं काढून उभी होती. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात नुसताच कुंकवाचा डाग होता.

मी मागं वळून बघितलं. दारातून पलीकडचं घर दिसत होतं, त्याच्या ओसरीवरही गाठोडी. त्याच्या पलीकडंही.

"हे कधी बांधलं, मावशी?"

"आग खाली गेली कळलं त्या दिवशीच. तू याच्या आदी." ती चूल पेटवत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "झरा जाणार असंच वाटलं. मग म्हटलं, बांदून तरी ठिवावं. गडबडीत कायतरी मागं राहतंय."

"म्हणजे तुम्हाला वाटत नव्हतं ती वाचेल."

"न्हाई."

"कुणालाच?"

"बमूदाजींला बी न्हाई."

मी रांगेनं बांधलेल्या त्या गाठोड्यांकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. त्या दोन दिवसांत यांतला एकही माणूस मधे बसला नव्हता. "मग खणलं कशाला एवढं?" मी विचारलं.

ठकूमावशीनं फुंकणी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मी काहीतरी अगदीच पोरकट विचारलं असावं.

"आमाला दूध पाजलं तिनं सात पिढ्या," ती म्हणाली. "तिला तशी जळत टाकून जायाचं व्हय?"

चुलीवर पातेलं नव्हतं. तेही गाठोड्यात होतं. ठकूमावशी उठली, त्यातल्या मोठ्या गाठोड्यापाशी जाऊन बसली आणि गाठीला हात घातला. गाठ घट्ट बसली होती, तिच्या बोटांनाही माझ्यासारखेच फोड होते. मी पुढं झाले. दोघींनी मिळून ती दातांनी-नखांनी सोडवली. तिनं आधी पातेलं काढलं, मग दोन कप, मग थोडा वेळ तशीच बसली आणि एकेक करून बाकीची भांडी पण काढायला लागली. मी ती फळीवर लावत गेले, ती सांगेल तिथं. पलीकडच्या घरातून पितळेचा आवाज आला, मग त्याच्या पलीकडच्या घरातून, आणि बघता बघता चौदाही घरांत भांडी मांडली जाऊ लागली.